घरगुती ध्वनिसंच आणि खर्जाचा प्रश्न

ध्वनिसंच विकत घेणाऱ्या गृहस्थाची एक तक्रार वारंवार ऐकू येते. दुकानात ज्या स्पीकरांतून डग्ग्याचा घुमारा भरदार आणि तरीही सुस्पष्ट उमटला, तेच स्पीकर घरी आणून लावले म्हणजे खर्ज एक तर नाहीसा होतो, नाही तर साऱ्या गायनवादनावर पसरून बसतो. गृहस्थ मग अधिक मोठे स्पीकर आणतो, पुढे सबवूफर आणतो, आणि तक्रार मात्र कायम राहते. या निष्फळ खर्चाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. मंद्र स्वरांची निर्मिती यंत्रात होते हे खरे. परंतु त्या स्वरांचे जे रूप श्रोत्याच्या कानी पोचते, त्यात यंत्रापेक्षा खोलीचाच वाटा पुष्कळदा मोठा असतो. खोली ही ध्वनिसंचाचा एक घटक आहे, किंबहुना खालच्या दोन-तीन सप्तकांपुरता तो सर्वांत प्रबळ घटक आहे, ही गोष्ट ध्यानात आली म्हणजे उपायांची दिशा आपोआप बदलते.

प्रस्तुत विवेचनात खर्ज या शब्दाने, व्यवहारात ज्यास बास म्हणतात तो, सुमारे २० ते २०० हर्ट्झ कंप्रतेचा ध्वनी अभिप्रेत आहे. यांपैकी किती भाग श्रोत्यास खरोखर हवा आहे, हे प्रथम पाहणे इष्ट. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झने, कंप पावते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बास या तंतुवाद्याची सर्वांत खालची नेहमीची तार ४१ हर्ट्झची, पियानोची अखेरची पट्टी २७.५ हर्ट्झची, आणि मोठ्या चर्चमधील ऑर्गनची बत्तीस फुटी नळी सुमारे १६ हर्ट्झची असते. ख्यालगायन ऐकणाऱ्यास ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा संच बहुधा पुरतो. ऑर्गनच्या किंवा आधुनिक चित्रपटसंगीताच्या श्रोत्यास तो पुरणार नाही. ज्याचा संग्रह जुन्या ध्वनिमुद्रिकांचा आहे त्याने तर खर्जाच्या मागे लागूच नये. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गायन मुद्रित झाले तेव्हा कर्ण्यात गाऊन थेट मेणाच्या तबकडीवर खोदकाम होत असे, आणि या पद्धतीत खालचे स्वर फारसे उमटतच नसत. विद्युत्‌-ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. मूळ मुद्रणात जे नाही ते कोणताही सबवूफर निर्माण करू शकत नाही. तो फक्त तबकडीची घरघर मोठी करतो.

येथे एक शंका उपस्थित होते. तळहाताएवढ्या स्पीकरच्या रेडिओवरही तंबोऱ्याचा खर्ज ओळखू येत असे, तो कसा? त्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झचा ध्वनी जवळजवळ बाहेर पडत नाही. परंतु तंबोऱ्याची तार केवळ मूलस्वर देत नाही. जवारीमुळे तिच्यातून उपस्वरांची दाट मालिका उठते. या जवारीचे विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये केले होते. हे उपस्वर १३९, २०८, २७७ अशा क्रमाने येतात. त्यांच्यातील समान अंतर ६९ चे असते, आणि त्यावरून श्रवणेंद्रिय अनुपस्थित मूलस्वराचे अनुमान करते. या घटनेचा ऊहापोह झीबेक याने १८४१ मध्येच सुरू केला होता. स्वराची ओळख पटणे आणि त्याचा भार जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच यावरून निष्पन्न होते. रेडिओ पहिली देई, दुसरी देत नसे.

मंद्र स्वर आणि कान

मानवी कान मंद्र स्वरांच्या बाबतीत मोठा कंजूष आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी निरनिराळ्या कंप्रतांचे ध्वनी सारख्याच मोठेपणाचे वाटण्यासाठी किती तीव्रता लागते याचे वक्र प्रसिद्ध केले. आज वापरात असलेले प्रमाणित वक्र त्याच मार्गाने पुढे सिद्ध झाले आहेत. त्यांवरून असे दिसते की, १,००० हर्ट्झचा ४० डेसिबेलचा ध्वनी जितका मोठा वाटतो तितकाच मोठा ५० हर्ट्झचा ध्वनी वाटावयास सुमारे ७८ डेसिबेल लागतात. ५० हर्ट्झचा ध्वनी मुळात ऐकू येण्यासच ४४ डेसिबेलांची गरज असते. साहजिकच संचाचा आवाज रात्री हळू केला की मधले स्वर थोडेसे खाली जातात, पण खर्ज श्रवणमर्यादेखाली बुडून जातो. जुन्या ॲम्प्लिफायरांवर 'लाउडनेस' नावाची कळ असे, ती याच उणिवेच्या भरपाईसाठी.

याची दुसरी बाजूही आहे. खर्जाच्या प्रदेशात ऐकू न येणे आणि पुरेसे ऐकू येणे यांतील अंतर थोडे असल्याने, तीव्रतेतील लहानसा फरकही तेथे मोठा भासतो. खोलीमुळे एखाद्या स्वरात दहा डेसिबेलांची वाढ झाली, तर ती वरच्या सप्तकातील तेवढ्याच वाढीपेक्षा अधिक बोचते.

खोलीचे स्वतःचे स्वर

२५ अंश सेल्सिअस तापमानास हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४६ मीटर असतो. त्यावरून १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटर, १०० हर्ट्झच्या ध्वनीची साडेतीन मीटर, आणि ४० हर्ट्झच्या ध्वनीची सुमारे साडेआठ मीटर येते. तार स्वरांच्या दृष्टीने दिवाणखाना हे एक विस्तीर्ण मैदान आहे. मंद्र स्वरांच्या दृष्टीने तीच जागा एखाद्या पेटीएवढी अपुरी आहे. ज्या तरंगाची लांबी खोलीच्या लांबीशी तुल्य आहे तो भिंतींवरून परतून स्वतःशीच मिसळतो आणि ठरावीक कंप्रतांना खोलीत स्थिर तरंग उभे राहतात. बासरीच्या नळीत किंवा तंबोऱ्याच्या तारेत जे घडते तेच येथे तिन्ही दिशांनी घडते. खोलीलाही स्वतःचे स्वर असतात.

उदाहरणार्थ, १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असा शहरी सदनिकेतील एक दिवाणखाना घेऊ. मीटरमध्ये ही मापे ४.५७, ३.०५ आणि २.९० अशी होतात. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बसली की पहिला स्थिर तरंग मिळतो. त्यानुसार लांबीच्या दिशेचा स्वर सुमारे ३८ हर्ट्झ, रुंदीचा ५७ हर्ट्झ आणि उंचीचा ६० हर्ट्झ येतो. लांबीचा दुसरा स्वर ७६ हर्ट्झचा. याखेरीज तिरकस मार्गांनी, चार भिंतींना स्पर्श करून उभे राहणारे तरंग असतात. त्यांतील पहिला ६८ हर्ट्झचा भरतो.

हे आकडे नुसते वाचून सोडण्यासारखे नाहीत. रुंदी आणि उंची जवळजवळ समान असल्याने ५७ आणि ६० हे दोन स्वर एकमेकांस चिकटून पडले आहेत, आणि त्या प्रदेशातील प्रत्येक ध्वनीला दुहेरी जोर मिळणार आहे. याउलट ४० ते ५५ हर्ट्झच्या दरम्यान खोलीचा एकही स्वर नाही. तेथे आधार तुटपुंजा राहील. आणि ६८ हर्ट्झचा तिरकस स्वर काळी एकच्या तंबोऱ्याच्या खर्जाशी जवळपास जुळतो. या दिवाणखान्यात एखाद्या कोपऱ्यात सबवूफर ठेवला, तर त्या पट्टीतील तंबोरा बेसुमार घुमू लागेल आणि काळी चारचा तंबोरा तसा घुमणार नाही. गृहस्थाची समजूत अशी होईल की, एक मुद्रण वाईट आहे आणि दुसरे चांगले. दोन्ही मुद्रणे निर्दोष असणे अगदी शक्य आहे.

तीन मापे समान असलेली किंवा एकमेकांच्या पटीत असलेली खोली सर्वांत वाईट, कारण तिचे सर्व स्वर एकत्र गोळा होतात. दहा फुटी चौरस खोलीची ही अडचण कोणत्याही यंत्राने पूर्णतः दूर होत नाही.

स्थिर तरंगाचा जो उपद्रव कमी लक्षात येतो तो काळाचा. असा तरंग स्पीकर थांबला की लगेच थांबत नाही. घंटेप्रमाणे काही काळ वाजत राहतो. अनुस्पंदनाची पट्टी तीन हर्ट्झ रुंद असेल, तर तो ध्वनी साठ डेसिबेलांनी खाली यावयास सुमारे पाऊण सेकंद लागतो. द्रुत त्रितालात मिनिटास २४० मात्रा पडत असतील, तर एका मात्रेस पाव सेकंद मिळतो. म्हणजे डग्ग्यावरच्या एका आघाताचे शेपूट पुढच्या तीन मात्रांवर लोळत राहते. तबल्याचे बोल मग तुटक न वाटता एका अखंड गुरगुरण्यात मिसळतात. मनगटाच्या दाबाने डग्ग्याच्या स्वरात जी मींड काढली जाते ती तर अशा खोलीत हटकून बिघडते. स्वर सरकत असताना मध्येच तो खोलीच्या स्वराशी गाठ पडून फुगतो आणि पुढे गेला की विरतो. वादकाने सारखी काढलेली वळणदार रेघ श्रोत्यास गाठी पडलेल्या दोरीसारखी ऐकू येते.

हे सारे खालच्या कंप्रतांपुरतेच का, याचे उत्तर मानफ्रेड श्रोडर याने १९५४ मध्ये दिले आणि पुढे १९६२ मध्ये सुधारून मांडले. कंप्रता वाढत जाते तसे खोलीचे स्वर दाट होत जातात आणि एका मर्यादेपलीकडे ते एकमेकांत मिसळून सुटेपणाने जाणवेनासे होतात. निनादकाल सेकंदांत आणि घनफळ घनमीटरांत घेऊन, निनादकालाला घनफळाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्यास २,००० ने गुणावे, म्हणजे ही मर्यादा मिळते. वरील दिवाणखान्याचे घनफळ सुमारे ४० घनमीटर आहे. निनादकाल अर्धा सेकंद धरला तर मर्यादा २२० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या वर प्रामुख्याने स्पीकर बोलतो, तिच्या खाली खोली.

बैठकीची जागा

स्थिर तरंगात हवेचा दाब सर्वत्र सारखा बदलत नाही. भिंतीलगत तो सर्वाधिक बदलतो. लांबीच्या पहिल्या स्वराच्या बाबतीत खोलीच्या बरोबर मध्यावर तो मुळीच बदलत नाही. ही जागा त्या स्वराचा निस्पंद बिंदू होय. वरील दिवाणखान्यात मध्यभागी खुर्ची टाकून बसणाऱ्यास ३८ हर्ट्झचा स्वर जवळजवळ ऐकू येणार नाही, आणि पाठीमागच्या भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर बसणाऱ्यास लांबीचे सर्वच स्वर पूर्ण जोराने ऐकू येतील. कोपऱ्यातील दिवाणावर लोळत ऐकणाऱ्यास तर तिन्ही दिशांचे स्वर एकदम मिळतात. एकाच घरात एकाच वेळी वडील म्हणतात खर्ज फार आहे आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेला मुलगा म्हणतो अजिबात नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते.

आपल्याकडे सोफा भिंतीला लावूनच ठेवण्याचा प्रघात आहे, कारण जागा कमी. तरीही तो हात-दीड हात पुढे ओढता आला, तर कोणतेही उपकरण न घेता होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा ठरते. मागील भिंतीपासून लांबीच्या सुमारे तीन-अष्टमांश अंतरावर, म्हणजे आपल्या उदाहरणात पावणेदोन मीटरवर, बैठक असावी असा एक ठोकताळा आहे. तेथे पहिले तीन स्वर कमीअधिक प्रमाणात ऐकू येतात. त्यांपैकी एकही पूर्णपणे लोपत नाही आणि एकही शिखरावर नसतो. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. दारे, खिडक्या, पॅसेज यांमुळे प्रत्यक्ष खोली पुस्तकातील आयताकृती पेटीपासून बरीच दूर असते. सावकाश चढत जाणारा २० ते २०० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावून खोलीभर हिंडून पाहिले, तर गणितापेक्षा अधिक विश्वसनीय उत्तर मिळते.

स्पीकरची जागा ठरविण्यासही हाच न्याय लागू आहे. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोहोंमधील संबंध बदलत नाही, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड रॅले यांनी प्रस्थापित केले. त्याचा व्यावहारिक उपयोग मोठा गमतीदार आहे. सबवूफर उचलून श्रोत्याच्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवावा, ओळखीचे संगीत लावावे, आणि स्वतः जमिनीलगत कान नेत भिंतीच्या कडेकडेने रांगत जावे. जेथे खर्ज समतोल आणि सुटसुटीत ऐकू येईल तेथेच सबवूफरची जागा. घरच्या मंडळींना हा प्रकार विचित्र वाटतो. परंतु त्यामागील उपपत्ती निर्दोष आहे.

एका सबवूफरऐवजी दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवण्याची शिफारस टॉड वेल्टी याने २००२ मध्ये सादर केलेल्या अभ्यासानंतर बरीच रूढ झाली. कारण उघड आहे. लांबीच्या पहिल्या स्वराच्या वेळी दोन टोकांचे दाब परस्परविरुद्ध असतात, आणि दोन्ही टोकांकडून समान कलेने ढकलले की एकाचा प्रयत्न दुसरा रद्द करतो. भिंतीचा मध्य हा रुंदीच्या पहिल्या स्वराचा निस्पंद असल्याने तोही फारसा चेतवला जात नाही, आणि तिरकस स्वराचेही तसेच. येथे हेतू आवाज वाढविण्याचा नसून खोलीतील निरनिराळ्या बैठकींमधील तफावत कमी करण्याचा आहे. एकच श्रोता असलेल्या घरात या दुसऱ्या सबवूफरचा खर्च सहसा न्याय्य ठरत नाही.

भिंतीमुळे आणखी एक घोटाळा होतो. स्पीकरमागील भिंतीवरून परतलेला तरंग थेट तरंगाशी विरुद्ध कलेत मिळाला, तर दोघे एकमेकांस पुसून टाकतात. ध्वनीच्या वेगाला भिंतीपासूनच्या अंतराच्या चौपटीने भागले की ही कंप्रता मिळते. अंतर एक मीटर असेल तर ती सुमारे ८६ हर्ट्झ, म्हणजे नेमकी नको त्या ठिकाणी. स्पीकर भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर सरकविला की तीच उणीव ८६५ हर्ट्झपर्यंत वर जाते. त्या प्रदेशात सामान्य पेटीचा ध्वनी बराचसा पुढेच जातो, मागे थोडा. म्हणून व्यतिकरण सौम्य होते. शिवाय निकटची प्रत्येक कठीण भिंत खर्जाचा दाब सहा डेसिबेलांपर्यंत वाढविते. कोपऱ्यात भिंती दोन आणि जमीन तिसरी. वाढ अठरा डेसिबेलांपर्यंत जाऊ शकते. कोपऱ्यातील खर्ज फुकटचा असतो, पण तो खोलीच्या सर्व स्वरांना एकदम जागे करून मिळतो.

पेटी आणि पटल

यंत्राचा विचार येथवर मुद्दाम मागे ठेवला. आज प्रचारात असलेला, विद्युत्‌चुंबकाने शंकूच्या आकाराचे पटल हलविणारा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये सिद्ध केला. त्याचे गणित निष्ठुर आहे. समान दाब ठेवून एक सप्तक खाली उतरावयाचे तर पटलाची हालचाल चौपट करावी लागते. साडेसहा इंची स्पीकर भिंतीलगत ठेवून एक मीटर अंतरावर ९० डेसिबेलांचा ८० हर्ट्झचा ध्वनी हवा असेल, तर पटल मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंस सुमारे दीड मिलीमीटर हलते. ४० हर्ट्झला तीच हालचाल साडेपाच मिलीमीटरांहून अधिक होते आणि अशा बहुतेक स्पीकरांची मर्यादा तेथे संपते. बारा इंची पटलास त्याच कामासाठी दीड मिलीमीटर पुरतो. लहान पेटीतून प्रचंड खर्ज निघण्याच्या जाहिराती वाचताना हे आकडे स्मरणात असावेत.

पटलाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंचे ध्वनी विरुद्ध कलेचे असल्याने त्यांना वेगळे ठेवणे हे पेटीचे पहिले काम. एडगर विल्चर याने १९५४ मध्ये हवाबंद लहान पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला आणि घरगुती स्पीकरचा आकार एकदम आटोक्यात आणला. दुसरा मार्ग ॲल्बर्ट थुरास याच्या १९३२ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटातील: पेटीस एक नळी ठेवावयाची आणि तिच्या अनुस्पंदनाने मागच्या ध्वनीची कला उलटवून त्यास कामास लावावयाचे. अशा पेटीचे पद्धतशीर गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील याने १९६१ मध्ये मांडले. नळीच्या पेटीतून तिच्या अनुस्पंदन-कंप्रतेपर्यंत अधिक खर्ज मिळतो, पण त्याखाली तो दर सप्तकास २४ डेसिबेलांनी कोसळतो. हवाबंद पेटीत ही घसरण १२ डेसिबेलांचीच असते.

आणि येथे आपल्या घरांचा एक गुण उपयोगी पडतो. खोलीच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खाली स्थिर तरंग उरत नाहीत. स्पीकर साऱ्या खोलीतील हवा एकत्र दाबतो आणि सोडतो. भिंती ताठ आणि दारे-खिडक्या बंद असतील, तर हा दाब कंप्रता उतरेल तसा दर सप्तकास १२ डेसिबेलांपर्यंत वाढतो. हवाबंद पेटीची घसरण आणि खोलीची ही वाढ परस्परांस पूरक ठरतात. लाकडी चौकटीवर पातळ तक्ते ठोकून बांधलेल्या अमेरिकन घरात भिंतीच लवचीक असल्याने हा लाभ कमी मिळतो. विटा आणि काँक्रीटच्या घरात अधिक मिळतो, अर्थात बाल्कनीचे दार लावून घेतले तर.

परंतु याच ताठपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. चौकटीवर ठोकलेला अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता १२५ हर्ट्झच्या ध्वनीचा सुमारे शेकडा २९ भाग शोषून घेतो. विटांची भिंत शेकडा तीन. म्हणून परदेशी ग्रंथांतील सल्ला जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. तेथील खोलीत भिंतीच खर्जाचा बराचसा भाग पचवितात. येथे तो भिंतींमध्ये आपटत राहतो.

शोषण आणि सुधारणा

हा भार उतरविण्यासाठी लोक पडदे लावतात, गालिचे पसरतात, भिंतींना फोमचे तुकडे आणि क्वचित अंड्यांचे ट्रेही चिकटवितात. खर्जावर यांचा परिणाम शून्यवत आहे. सच्छिद्र पदार्थ हवेच्या कणांच्या गतीचे घर्षणाने शोषण करतो, आणि भिंतीलगत ही गती शून्य असते. ती सर्वाधिक होते पाव तरंगलांबीवर. ५७ हर्ट्झसाठी हे अंतर दीड मीटर होते. एक इंची फोम तार स्वर तेवढे शोषतो आणि खोली अधिकच घुमी वाटू लागते, कारण उरतो तो खर्जच. कोपऱ्यात रचलेल्या कापसाच्या जाड गाद्यांचा ढीग किंवा कपड्यांनी गच्च भरलेले उघडे कपाट यांचा उपयोग फोमपेक्षा निश्चित अधिक.

नेमक्या एका स्वरावर उपाय हवा असेल तर कंप पावणारे पटल भिंतीपुढे बसविता येते. पटलाचे वजन दर चौरसमीटरास किलोग्रॅममध्ये आणि त्यामागील पोकळीची खोली मीटरमध्ये घेऊन दोहोंचा गुणाकार करावा. त्याच्या वर्गमुळाने ६० ला भागले की शोषणाची कंप्रता कळते. १२ मिलीमीटर जाडीचे प्लायवुड भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे हवाबंद चौकटीवर बसविले, तर उत्तर ५७ ते ५८ हर्ट्झ येते, म्हणजे आपल्या दिवाणखान्याची नेमकी व्याधी. पोकळीत खनिज लोकर सैलसर भरावी, म्हणजे शोषणाची पट्टी रुंदावते. सुतारास एका दिवसाचे काम आहे. जागा मात्र बरीच जाते.

विद्युत्‌-उपायांची मर्यादा वेगळी आहे. बासची कळ, जिचे प्रसिद्ध मंडल पीटर बॅक्सँडॉल याने १९५२ मध्ये दिले, ती संपूर्ण प्रदेश एकत्र वरखाली करते. तिने ५७ हर्ट्झचा उंचवटा आणि ४५ हर्ट्झचा खड्डा दोन्ही एकदम उचलले जातात. आजकालची अंकीय समकारके, म्हणजे इक्वलायझर, अरुंद पट्टीवर काम करतात आणि उंचवटा कापण्यास उत्तम आहेत. खड्डा भरण्यास ती निरुपयोगी, कारण निस्पंदावर बसलेल्या श्रोत्याकडे अधिक शक्ती पाठविली तरी परतणारा तरंगही तितकाच वाढतो आणि बेरीज शून्याजवळच राहते. दहा डेसिबेलांची भर म्हणजे दहापट विद्युत्‌शक्ती. ती स्पीकर जाळण्यापलीकडे काही साधत नाही.

या सर्वांआधी एक क्षुल्लक तपासणी करावी. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तांबड्या आणि काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर दोन्ही पटले परस्परविरुद्ध हलतात आणि खर्ज मधल्यामध्ये नाहीसा होतो. वरचे स्वर ठीक ऐकू येत असल्याने दोष लक्षात येत नाही. एकाच स्पीकरच्या तारा बदलून पाहाव्या. ज्या जोडणीत खर्ज भरतो ती योग्य. महिनोन्‌महिने चाललेल्या तक्रारीचे निवारण या एका मिनिटात झाल्याची उदाहरणे अपवादात्मक नाहीत.

खर्ज चांगला जमला म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न उभा राहतो. भिंतीची ध्वनिरोधकता तिच्या वजनाबरोबर आणि ध्वनीच्या कंप्रतेबरोबर वाढते. सबब बोलणे अडविणारी भिंत खर्ज अडवीत नाही, आणि स्लॅबवर ठेवलेल्या सबवूफरचा थरथराट खालच्या घरी थेट पोचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेलांची मर्यादा घातली आहे. परंतु हे मोजमाप 'ए' भारांकाने होते, आणि तो भारांक ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबेल वजा करतो. मापकावर ४५ चा आकडा दिसत असता केवळ खर्जाचा प्रत्यक्ष दाब ७५ डेसिबेल असू शकतो, म्हणजे श्रवणमर्यादेच्या तीस डेसिबेल वर. मापकाच्या दृष्टीने तो नियमात बसतो. खाली झोपलेल्या माणसाच्या कानास तो स्पष्ट ऐकू येतो. सबवूफरखाली रबराचे जाड तुकडे घातले की स्लॅबमधून जाणारा भाग कमी होतो. हवेतून जाणारा भाग त्याने कमी होत नाही. त्यासाठी रात्री दहानंतर समकारकावर ८० हर्ट्झच्या खालचा प्रदेश दहा-बारा डेसिबेलांनी उतरवून ठेवावा लागतो, आणि तंबोऱ्याचा खर्ज तेवढ्या वेळापुरता उपस्वरांवरून ओळखण्याचे काम कानाकडे सोपवावे लागते.